गावच्या घराचे जुने सिमेंटचे पत्रे काढायचेत, अ‍ॅस्बेस्टॉसची भीती कितपत खरी?

पडवीतला_पाहुणा
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमचं जुनं घर आहे. मधलं घर कौलारू, पण पडवी, मागची चुलीची खोली आणि गोठा यांच्यावर सिमेंटचे पत्रे. माकडांनी कौलं फोडून फोडून आजोबा वैतागले आणि ऐंशीच्या सुमारास त्यांनी हे पत्रे चढवले असं बाबा सांगतात. आता ते काळे पडलेत, शेवाळ धरलंय, काही ठिकाणी तडे गेलेत, तिथे दर मे महिन्यात डांबर आणि गोणपाट लावून वेळ मारून नेतो. यंदा सगळं उतरवून अँगलवर कलर कोटेड पत्रे टाकायचं ठरलंय.
आता गोची अशी की फॅब्रिकेशनवाला म्हणतो एकेक पत्रा उतरवत बसलो तर मजुरी वाढेल, त्यापेक्षा वरूनच घण घालतो, तुकडे खाली पडतील आणि तेच तुमच्या अंगणाच्या भरावाला होतील, डंपर पण वाचला. ऐकायला बरं वाटलं. पण बायको म्हणाली त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, मुलं सुट्टीभर तिथेच खेळणार, असलं काही करायचं नाही. बाबांचं म्हणणं इतकी वर्षं त्याच छपराखाली जेवलो झोपलो, कुणाला काय झालं? कोणाला खरंच माहिती आहे का, आणि असं घर तपासून देणारं कुणी असतं का?

बांधकामवाला
घण घालायचा नाही. बाकीचं नंतर वाचा, आधी त्याला फोन करून एवढं सांगा.
आता सविस्तर. आपल्याकडच्या सिमेंटच्या पत्र्यात साधारण ८ ते १० टक्के पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस असतो, ज्याला क्रायसोटाइल म्हणतात, म्हणजे बारीक तंतूंचं एक खनिज, बाकी सगळं सिमेंट. तंतू सिमेंटमध्ये घट्ट अडकलेले असतात त्यामुळे धडधाकट पत्रा डोक्यावर आहे म्हणून खाली बसणाऱ्याच्या अंगावर काही धूळ पडत नसते. गडबड होते ती फोडल्यावर, ग्राइंडरने कापल्यावर, कोरडं ड्रिल मारल्यावर, आणि नंतर तो चुरा कोरड्या झाडूने झाडल्यावर. हे तंतू इतके बारीक असतात की दिसणारी धूळ खाली बसल्यावरही ते हवेत तरंगत राहतात.
तुमचे पत्रे चाळीस पावसाळे खाल्लेले आहेत. वरचं सिमेंट झिजून पृष्ठभाग खरखरीत झाला असणार, जवळून बघितलंत तर बारीक लव दिसेल. असल्या पत्र्यावर घण म्हणजे पडवीभर उधळण. आणि भरावात तर अजिबात नको. आज मातीखाली गेलं तरी उद्या तिथे नळाची चर खणाल, मांडवाचे खांब रोवाल, तेव्हा परत वर येणार.

झंपू
झालं का सुरू. गोऱ्यांनी एक फॅड काढलं की आपण घाबरायचं. अर्धा महाराष्ट्र या पत्र्यांखाली वाढलाय, झेडपीच्या शाळा, पोल्ट्री, गोदामं, मुंबईतल्या चाळींचे पोटमाळे. एवढं विषारी असतं तर सरकारने बंदी घातली नसती का? दुकानात आजही राजरोस मिळतात.

कागदपत्रे
@झंपू, दुकानात मिळतं म्हणून निर्धोक, तर मग सिगारेट पण मिळते की.
बंदीचं चित्र थोडक्यात सांगतो कारण यात लोकांचा फार गोंधळ असतो. अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवीन पट्टे देणं आपल्याकडे १९८६ पासूनच थांबलं. म्हणजे खणायला नको, पण बाहेरून आणून पत्रे बनवायला हरकत नाही, असा आपला न्याय. मुख्यतः रशियातून येतो, कझाकस्तानातूनही येतो, आणि जगात सगळ्यात जास्त आयात करणाऱ्यांत आपण. ब्रिटनने १९९९ मध्ये पूर्ण बंदी घातली, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस, आता साठाच्या वर देशांत बंदी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने पांढऱ्यासकट सगळे प्रकार पहिल्या गटात टाकलेत, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेला गट. पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस रॉटरडॅम कराराच्या, म्हणजे घातक रसायनांच्या आयात-निर्यातीवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, धोकादायक मालाच्या यादीत घालायचा विषय वर्षानुवर्षं अडतोय, आणि अडवणाऱ्यांत भारतही राहिलाय. सुप्रीम कोर्टात बंदीची याचिका आली होती ती २०११ मध्ये फेटाळली गेली.
म्हणजे सरकारने बंदी घातली नाही याचा अर्थ एवढाच की बंदी घातली नाही. पत्रा स्वस्त आहे, गंजत नाही, टिनासारखा तापत नाही, पावसात कान फोडत नाही. गरिबाचं छप्पर आहे ते, म्हणून कोणी हात घालत नाही.

दापोलीचा_बंड्या
निसर्ग वादळ आलं ना, ३ जून २०२०, त्यानंतर आमच्याकडे जे झालं ते बघितलं असतंत तर हा धागा वेगळाच निघाला असता. कौलं उडाली ती उडाली, पण सिमेंटचे पत्रे पापडासारखे मोडले. घरात, वाडीत, विहिरीत, रस्त्यावर सगळीकडे तुकडे. वीज नाही, फोन नाही, डोक्यावर पावसाळा, लोकांनी काय केलं तर खराट्याने झाडून ढीग केले आणि गडग्याच्या कडेला ओतले. मास्क तर तेव्हा कोरोनामुळे सगळ्यांच्या खिशात होते, पण ते फक्त पोलीस दिसले की लावायचे. आणि मग पत्र्यांसाठी पळापळ, जे मिळतील ते, परत सिमेंटचेच. अजून सुपारीला आळी करताना त्या राखाडी चिपा फावड्याला लागतात. कोणी येऊन सांगितलंच नाही की हे हाताळताना जरा ओलं करा म्हणून.

छातीचा_डॉक्टर
धागाकर्त्याच्या वडिलांच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं, कारण तो प्रश्न बरोबर आहे.
अ‍ॅस्बेस्टॉसचे आजार किती धूळ किती वर्षं छातीत गेली त्यावर ठरतात. फुफ्फुस कडक होत जाणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस हा कारखान्यात, बॉयलरवर, जहाजतोडणीत वर्षानुवर्षं धूळ खाल्लेल्या माणसाचा आजार आहे, पत्र्याखाली राहणाऱ्याचा नव्हे. फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा, याला त्यामानाने कमी धूळही पुरते, कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांना तो झाल्याची उदाहरणं जगभर आहेत. पण तोही धूळ गेल्यावर साधारण २० ते ५० वर्षांनी दिसतो. म्हणून 'कुणाला काय झालं?' हा पुरावा तसा लंगडा, आज फोडलेल्या पत्र्याचा हिशोब आज लागतच नाही.
तरी सांगतो, नुसतं त्या घरात राहिल्याने काही होईल ही शक्यता फारच कमी. उगीच सगळ्या कुटुंबाचे सीटी स्कॅन करत सुटू नका. मला विचाराल तर तुमच्या घरात छातीला जास्त त्रास त्या मागच्या खोलीतल्या चुलीने दिला असेल. आणि कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती आधी बंद, कारण तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, कितीतरी पटींनी वाढतो.

पडवीतला_पाहुणा
डॉक्टर धन्यवाद, आईला वाचून दाखवलं. बाबांना गेलं वर्षभर खोकला आहे, विडी सोडून दहा-बारा वर्षं झाली. म्हणूनच जरा धास्ती होती.

छातीचा_डॉक्टर
वर्षभराचा खोकला आहे तर पत्र्यांची वाट न बघता दाखवा. एक्स-रे, थुंकी, फुंकायची टेस्ट. टीबी आणि सीओपीडी (धुराने श्वासनळ्या अरुंद होत जाणारा जुनाट आजार) आधी बघायचे, अ‍ॅस्बेस्टॉस त्या यादीत बराच खाली येतो.

सिडनीकर
इकडचा अनुभव देतो. आम्ही जुनं घर घेतलं, इथे त्याला फायब्रो हाऊस म्हणतात, भिंतीच अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या शीटच्या. बिल्डिंग इन्स्पेक्शन केलं तर रिपोर्टमध्ये 'संशयित' एवढंच लिहिलं, अ‍ॅस्बेस्टॉसचं इन्स्पेक्शन वेगळं करावं लागतं. तो माणूस आला, बाथरूमच्या टाइल्समागची शीट, लॉन्ड्री, छज्जाखालचं आच्छादन, जुना मीटरबोर्ड, किचनच्या व्हिनाइलखालचा थर, सगळीकडून नखाएवढे नमुने घेतले, घेताना स्प्रे मारून ओलं केलं, जागा सील केली, लॅबचा रिपोर्ट आला. आणि शेवटी सल्ला काय, तर बहुतेक ठिकाणी 'आहे तसं ठेवा, रंग देऊन ठेवा, ड्रिल मारू नका'. मी तर चाटच पडलो, मला वाटलं सगळं घर उचकटतील.
आमच्या न्यू साउथ वेल्स राज्यात घरमालक १० चौरस मीटरपर्यंत घट्ट प्रकारचं स्वतः काढू शकतो, त्याहून जास्त असेल तर लायसन्सवाला लागतो. सुटं, भुरभुरणारं असेल तर गोष्टच वेगळी. कॅनबेरात पूर्वी घरांच्या माळ्यावर उष्णतारोधक म्हणून सुटा अ‍ॅस्बेस्टॉस फुंकून भरला होता, शेवटी तिथल्या सरकारने अशी हजारावर घरं विकत घेऊन पाडली.
भारतात असा इन्स्पेक्टर मिळत नाही का?

बांधकामवाला
घरगुती पातळीवर नाही मिळत. मोठ्या कंपन्यांची जुनी ऑफिसं, परदेशी मालकांचे कारखाने, त्यांच्यासाठी सर्व्हे करणाऱ्या एजन्सी आहेत. गुहागरला कोण येणार?
नमुना तपासून मात्र मिळतो. मुंबई-पुण्याकडच्या काही खाजगी लॅब सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगतात, एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता त्या चाचणीसाठी आहे का एवढं विचारून घ्या, कारण मान्यता असते पाण्याच्या तपासणीला आणि रिपोर्ट देतात कशाचाही. पण खरं सांगू, या बाबतीत पैसे घालवू नका. ऐंशीच्या सुमाराचा नालीदार सिमेंटचा पत्रा म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस आहेच असं धरून चालायचं. बिनअ‍ॅस्बेस्टॉसचे फायबर सिमेंटचे पत्रे आपल्याकडे फार नंतर आले आणि ते अजूनही महाग म्हणून कमीच खपतात. नुसत्या डोळ्यांनी दोन्हीतला फरक ओळखू येत नाही, कोणी 'मला बघून कळतं' म्हणाला तर नमस्कार करून पुढे जा.

पेठेतली
माझा प्रश्न जरा शहरी आहे. आमची सोसायटी १९७४ ची, रीडेव्हलपमेंटला चाललीये. गच्चीवरच्या शेडला असेच पत्रे आहेत, शिवाय मागच्या बाजूला पावसाचे पाईप राखाडी सिमेंटचे आहेत, एक जुनी टाकीपण तसलीच. बिल्डरला विचारलं तर म्हणे 'मॅडम, सगळं जेसीबीने जातं'. हे चालतं का?

बांधकामवाला
चालतं म्हणजे करतात, चालू नये. पाईप, टाकी, त्या शेडचे पत्रे, काही इमारतींत बाल्कनीच्या आडोशाच्या सपाट शीटा, जुन्या मीटरच्या खोलीतले बोर्ड, हे सगळं पाडकामाआधी हाताने उतरवून घ्यायचं असतं. जेसीबी लागला की ते राडारोड्यात मिसळलं, आणि मग तो राडारोडा कुणाच्या तरी प्लॉटच्या भरावात जातो. करारनाम्यात एक ओळ टाकून घ्या, 'अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे सर्व भाग पाडकामापूर्वी न फोडता वेगळे काढून त्यांची विल्हेवाट विकासकाने स्वखर्चाने लावायची'. आता टाकलीत तर पडेल, सह्या झाल्यावर तुमचं कोणी ऐकणार नाही.

गिरणगावचा
हा धागा वाचवत नाही आणि सोडवतही नाही. वडील एका गिरणीत बॉयलर हाऊसला होते. वाफेच्या पाईपांना पांढरा लेप आणि दोरी गुंडाळायचे, त्याला लॅगिंग म्हणायचे, जुनं लॅगिंग हाताने ओरबाडून काढायचं आणि नवीन कालवून लावायचं. घरी आले की भुवया पांढऱ्या. आई तो डगला चाळीच्या मोरीत आपटून धुवायची. शेवटची वर्षं जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायचे. डॉक्टरने दमा लिहिला, संपलं. कोणी विचारलं नाही काम काय करत होतात.

कागदपत्रे
@गिरणगावचा, काय बोलू. सुप्रीम कोर्टाचा १९९५ चा निकाल आहे, अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे नंतरचं असेल तोवर कंपनीने ठेवायची, आणि आजार सिद्ध झालेल्याला एक लाख भरपाई. अ‍ॅस्बेस्टॉसिस आणि अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा कॅन्सर कामगार भरपाईसाठीच्या व्यवसायजन्य आजारांच्या कायदेशीर यादीत पण आहेत. पण नोंदच 'दमा' झाली की पुढचं दारच बंद. कोणाच्या घरी असा माणूस आज हयात असेल तर डॉक्टरला पूर्ण कामाचा इतिहास सांगा, कुठे, किती वर्षं, कशाला हात लावायचे, आणि तो केसपेपरवर लिहून घ्या.

झंपू
@गिरणगावचा, माफ करा, तुमचं वाचून गप्प बसवतंय. माझा मुद्दा पत्र्यांपुरता होता, आणि पत्र्यांपुरता तो अजून आहे.

बांधकामवाला
आता धागाकर्त्यासाठी, काढायचं कसं ते. एक गोष्ट सगळ्यात आधी, कॅन्सर वगैरे राहू दे, जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर माणूस उभा राहिला की पत्रा मोडून थेट खाली. दर उन्हाळ्यात पावसाळी डागडुजी करताना माणसं अशी पडतात आणि जीवाला मुकतात. शेवाळलेला पत्रा वरून दगडासारखा वाटतो, पण भरवसा शून्य. पाय द्यायचा तो खालच्या वाशांवर आडव्या टाकलेल्या जाड फळीवर, तुमची पडवी उंच नाही तर शक्यतो खालून परांची बांधूनच काम करा.
काम सुरू करायच्या आदल्या दिवशी आतलं सगळं सामान बाहेर, धान्याचे डबे तर नक्की. पत्रा धरून ठेवणारे आकड्यासारखे जे-बोल्ट असतात त्यांच्या नटांना डिझेल सोडून ठेवा. सकाळी वारा पडलेला असताना पत्रे ओले करायचे, फवारणीचा पंप असतोच घरात, औषधाचा वास जाईपर्यंत धुवून घ्या आणि पाण्यात थोडं भांड्याचं लिक्विड घाला म्हणजे पाणी आत मुरतं. जोराच्या प्रेशरने धुवू नका, शेवाळ निघतं पण वरचा थर पण उडतो. नट फिरला तर ठीक, गंजून बसला असेल तर बोल्ट कटरने तोडायचा, ग्राइंडर वर न्यायचाच नाही, तो बोल्टबरोबर पत्रा पण खातो. पत्रे चढवताना वळचणीकडून आढ्याकडे चढवतात, उतरवताना बरोबर उलटं. तीन मीटरचा पत्रा ४० किलोच्या आसपास भरतो, ओला त्याहून जड, दोघांनी दोरावर सोडायचा, खाली दोघांनी झेलायचा, टाकायचा नाही. मोडलाच तर तुकडे ओले करून लगेच पिशवीत.
मास्क एन९५ पेक्षा वरचा, एफएफपी३ किंवा पी१०० फिल्टरवाला, आणि दाढी असेल तर कुठलाच मास्क नीट बसत नाही हे पोरांना सांगा. एकदाच वापरायचे पांढरे डगले मिळतात ते घाला. ते नसतील तर जुने कपडे, आणि संध्याकाळी ते घरी न नेता तिथेच पिशवीत बांधायचे. हे मजुरांसाठी आहे बरं का, तुमच्यासाठी नाही. तुम्ही एक दिवस लांबून बघणार, तो माणूस महिन्यात दहा घरांचे पत्रे उतरवतो.

दापोलीचा_बंड्या
+१. आणि मुलांना त्या दोन दिवसांत मामाकडे पाठवा.

पेठेतली
उतरवलेले पत्रे ठेवायचे कुठे पण? फॅब्रिकेशनवाले घेऊन जातात ना, जुन्याला गिऱ्हाईक असतं.

कागदपत्रे
तिथेच तर मेख आहे. कागदावर टाकून दिलेला अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे घातक कचरा, तो तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत ठिकाणी पुरला पाहिजे. पण ती सगळी व्यवस्था कारखान्यांसाठी आहे, एका घराचे पंचवीस पत्रे घ्यायला तिथून कोणी गाडी पाठवत नाही. चिपळूणला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय आहे, तिथे लेखी विचारा, पोच घ्या. उत्तर येईपर्यंत अख्खे पत्रे प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर काय आहे ते ठळक लिहून, पायाखाली येणार नाहीत अशा कोपऱ्यात रचून ठेवा.

झंपू
म्हणजे गावात एखाद्या गरिबाला गोठ्यावर घालायला अख्खे पत्रे हवे असतील तर द्यायचे नाहीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पुजायचे? हे मला पटत नाही. तो काय नवीन आणणार आहे, परत सिमेंटचाच आणणार.

बांधकामवाला
झंपूच्या या बोलण्यात तथ्य आहे हे मान्य. पण चाळीस वर्षांचा पत्रा परत चढवताना नवीन भोकं पाडावी लागतात, निम्मे हातातच मोडतात, आणि तो गरीब माणूस ते मास्क न लावता एकटा करणार. मी देणार नाही. द्यायचंच असेल तर त्याला कलर कोटेडचे दोन पत्रे घेऊन द्या.

पडवीतला_पाहुणा
फॅब्रिकेशनवाल्याशी बोललो. आधी हसला, मग पडून मरायच्या गोष्टीवर गंभीर झाला, त्याच्या ओळखीतला एक असाच गेलाय म्हणे. बोल्ट खोलून, ओले करून उतरवायला तयार आहे, मजुरी जास्त घेणार, ती दिली. मास्क आणि डगले मी पुण्याहून नेतोय. बाबांचा एक्स-रे पण याच फेरीत.
राहिलेली एक शंका, पडवीच्या पन्हळीचं पाणी इतकी वर्षं मागच्या हौदात जायचं, आई ते भांड्यांना आणि कधीमधी प्यायला पण वापरते. ते काय?

छातीचा_डॉक्टर
पोटात गेलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसने अपाय होतो असा सुसंगत पुरावा नाही, जागतिक आरोग्य संघटनेचीही भूमिका तीच. कितीतरी गावांच्या जुन्या पाणीयोजनांचे पाईप याच मालाचे आहेत. घोर सोडा. छपराच्या पाण्यात माकडांची आणि पाखरांची घाण असते त्यासाठी मात्र उकळून प्या. हौदाचा तळचा गाळ पाणी असतानाच ओला काढा, वाळवून खरवडू नका.

पडवीतला_पाहुणा
ओके. आणि गुंडाळायचं प्लास्टिक कुठलं? इथे मल्चिंगचा कागद पटकन मिळतो.

बांधकामवाला
मल्चिंगचा नको, तो कोपरा लागला की फाटतो. २०० मायक्रॉनच्या वरचा घ्या, दुहेरी गुंडाळा, टेपने बंद करा.

दापोलीचा_बंड्या
शेततळ्याचा ५०० चा कागद उरलाय माझ्याकडे, मोठा तुकडा आहे. चिपळूणला बाजाराला येतो तेव्हा घेऊन येईन, कधी येताय ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.